रकाने हलवा, हिशेब हलू देऊ नका

आपल्या लहान दुकानदारांकडेही आता संगणक आला आहे. बिल छापणे, साठा पाहणे, उधारीची यादी काढणे ही कामे वहीपेक्षा लवकर होतात. पण महिनाअखेर आली की एक वेगळीच कटकट सुरू होते. बिलाच्या प्रोग्राममधून निघणारी यादी एका क्रमाने असते आणि करसल्लागाराला ती दुसऱ्याच क्रमाने हवी असते. त्याला आधी तारीख हवी, मग बिल क्रमांक, मग गिऱ्हाईक. आपल्या यादीत मात्र गिऱ्हाइकाचे नाव अगदी शेवटी पडलेले असते. मग कोणीतरी मुलगा रात्री दुकान बंद झाल्यावर बसतो आणि एक एक रकाना उचलून इकडचा तिकडे ठेवतो.

हे काम लहान वाटते, पण यात चूक झाली तर ती दुसऱ्याच्या पैशाची चूक असते. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. रकान्यांचा क्रम बदलण्याचे काम मॅक्रोकडून कसे करून घ्यावे, आणि मॅक्रोवर कितपत विसंबावे, हे दोन्ही पाहू. हे शिकण्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. एक्सेलमध्ये यादी उघडता येते, बेरीज करता येते, एवढे पुरे आहे.

आमच्या हातून झालेली चूक

आधी आमचीच गोष्ट सांगतो. आमचे टेलरिंगच्या सामानाचे घाऊक दुकान आहे. अस्तर, कॅनव्हास, दोरा, बटणे, चेन असा माल आसपासच्या गावांतील टेलर आमच्याकडून उधारीवर नेतात. ईदच्या आधीचे दोन महिने हंगाम असतो. हंगाम संपला की आम्ही प्रत्येकाला त्याच्या उधारीची चिठ्ठी देतो.

काही वर्षांपूर्वी एका हंगामानंतर आम्ही यादी नावांप्रमाणे लावायला घेतली. गिऱ्हाइकांच्या नावांचा रकाना निवडला आणि क्रमाने लावण्याची आज्ञा दिली. संगणकाने पडद्यावर विचारले की शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे की फक्त निवडलेला रकाना लावायचा. घाईत आम्ही दुसरा पर्याय दाबला. नावे अक्षरांच्या क्रमाने लागली, पण रकमा होत्या तिथेच राहिल्या. एकाचे नाव दुसऱ्याच्या रकमेसमोर गेले. आम्ही खाली बेरीज पाहिली. ती वहीशी बरोबर जुळत होती. मग शंका घेण्याचे कारणच उरले नाही. चिठ्ठ्या छापल्या आणि वाटल्या.

दोन दिवसांनी एक वयस्कर कारागीर दुकानात आले. त्यांना आम्ही लहानपणापासून चाचा म्हणतो. त्यांच्या चिठ्ठीवर ११,९२० रुपये लिहिले होते. ते म्हणाले, "बेटा, एवढा माल आम्ही नेला कधी?"

आम्ही म्हणालो, "चाचा, कॉम्प्युटरमधून निघालंय. चूक कशी असेल?"

त्यांनी खिशातून एक लहान वही काढली. प्रत्येक खेपेची तारीख आणि रक्कम त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवली होती. बेरीज होती ३,४८० रुपये. आमच्या बिलांच्या कार्बन प्रती काढून पाहिल्या, तर त्यांचीच वही खरी निघाली. त्या दिवशी आम्ही दुकान लवकर बंद केले आणि घरोघरी जाऊन चिठ्ठ्या परत घेतल्या. ज्यांना कमी रक्कम लिहून गेली होती, त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःहून खरा आकडा सांगितला. पण जास्त रक्कम लिहिलेल्या एका गिऱ्हाइकाने तोवर ती चिठ्ठी खरी मानून उसनवारी करून पैसे आणून ठेवले होते. ते पाहून आम्हाला जी शरम वाटली ती आजही आठवते.

तात्पर्य, बेरीज जुळणे म्हणजे हिशेब जुळणे नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

मॅक्रो म्हणजे काय

आपण संगणकावर ज्या कृती करतो त्या क्रमवार नोंदवून ठेवायच्या आणि पुढच्या वेळी एका आज्ञेत त्या सगळ्या पुन्हा करून घ्यायच्या, याला मॅक्रो म्हणतात. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरून ठेवतो तशीच ही गोष्ट आहे. फक्त इथे आवाजाऐवजी कृती भरल्या जातात.

ही कल्पना जुनी आहे. व्हिजिकॅल्क हा लहान संगणकांवरचा पहिला गाजलेला स्प्रेडशीट प्रोग्राम डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली बाजारात आणला. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रोची सोय होती. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हीबीए ही मॅक्रोची भाषा घातली, आणि आज संगणकावरील एक्सेलमध्ये आपण जो मॅक्रो नोंदवतो तो याच भाषेत लिहिला जातो. मोबाइलवरील एक्सेलमध्ये किंवा ब्राउझरमधील एक्सेलमध्ये असे मॅक्रो चालत नाहीत. त्यासाठी संगणकावर बसवलेले एक्सेलच लागते.

आमचा अनुभव असा की मॅक्रो हा आज्ञाधारक नोकर आहे, समजूतदार मुनीम नव्हे. मुनीम वहीचे पान चुकीचे उघडले तर थांबतो आणि विचारतो. हा नोकर विचारत नाही. सांगितलेले काम तो चुकीच्या पानावरही तितक्याच वेगाने करून मोकळा होतो.

पहिली रीत : रकाना कापून दुसरीकडे घालणे

समजा, बिलाच्या प्रोग्राममधून निघालेल्या यादीत सात रकाने आहेत. ए रकान्यात बिल क्रमांक, बी मध्ये तारीख, सी मध्ये माल, डी मध्ये नग, ई मध्ये दर, एफ मध्ये रक्कम आणि जी मध्ये गिऱ्हाईक. आपल्याला हवा तो क्रम असा : तारीख, बिल क्रमांक, गिऱ्हाईक, माल, नग, दर, रक्कम.

हाताने हे दोन हालचालींत होते. बी या अक्षरावर क्लिक करून पूर्ण रकाना निवडावा आणि कंट्रोल-एक्स दाबून कापावा. मग ए या अक्षरावर उजवे बटण दाबून 'इन्सर्ट कट सेल्स' निवडावे. तारीख पहिली येते आणि बिल क्रमांक दुसरा होतो. नंतर जी रकाना तसाच कापून सी च्या जागी घालावा. गिऱ्हाईक तिसरे येते आणि बाकीचे रकाने एक एक घर उजवीकडे सरकतात. काम संपले.

हेच मॅक्रोत भरायचे असेल तर सुरुवातीला व्ह्यू या टॅबमध्ये उजव्या टोकाला असलेल्या मॅक्रोज या बटणाखालील बाण दाबून 'रेकॉर्ड मॅक्रो' निवडावे. नाव विचारले जाते. ते रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावे. शॉर्टकटसाठी अक्षर देताना शिफ्टसह द्यावे, नाहीतर कंट्रोल-सी सारखी रोजची आज्ञा आपल्या मॅक्रोखाली दबून जाते. मग वरील दोन हालचाली कराव्यात आणि त्याच बाणाखालील 'स्टॉप रेकॉर्डिंग' दाबावे. फाइल जतन करताना 'मॅक्रो एनेबल्ड वर्कबुक' हा प्रकार निवडावा. साध्या प्रकारात जतन केली तर मॅक्रो फाइलमध्ये राहत नाही.

या रीतीचा एक चांगला गुण आहे. पूर्ण रकाना हलत असल्यामुळे यादी ५० ओळींची असो की ५,००० ओळींची, एकही ओळ मागे राहत नाही. पण दोन दोष आहेत आणि ते दोन्ही महागात पडतात.

पहिला दोष असा की हा मॅक्रो रकान्याचे नाव वाचत नाही, फक्त त्याची जागा पाहतो. समजा, बिलाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि रक्कम व गिऱ्हाईक यांच्या मध्ये 'सूट' असा नवा रकाना आला. आता जी मध्ये सूट आहे आणि गिऱ्हाईक एच मध्ये गेले आहे. मॅक्रो मात्र जी उचलून तिसऱ्या जागी ठेवणार. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी सूट येणार. आपण वरची शीर्षके न पाहता खालचा मजकूर करसल्लागाराच्या तक्त्यात चिकटवला तर चूक त्याच्या कागदांपर्यंत जाते.

दुसरा दोष असा की हा मॅक्रो चुकून दोनदा चालवला तर आधीचे काम बिघडते. तारीख आणि बिल क्रमांक पुन्हा उलटे होतात आणि सातव्या जागेवर गेलेली रक्कम उचलून तिसऱ्या जागी येते. त्यात भर म्हणजे मॅक्रो चालल्यावर त्याने केलेले बदल कंट्रोल-झेड दाबून मागे घेता येत नाहीत. म्हणून मूळ यादीवर मॅक्रो कधीही चालवू नये. आधी प्रत काढावी.

दुसरी रीत : शीर्षक वाचून रकाने उचलणे

आम्ही आज जी रीत वापरतो ती रकान्याची जागा पाहत नाही, त्याचे नाव पाहते. एक्सेलमध्ये 'ॲडव्हान्स्ड फिल्टर' नावाची सोय आहे. बहुतेक लोक ती यादीतून निवडक ओळी काढण्यासाठी वापरतात. पण तिचा एक फायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. नव्या जागी आपण शीर्षके ज्या क्रमाने लिहून ठेवू, त्याच क्रमाने ती मूळ यादीतून रकाने शोधून आणते. मूळ यादी जशीच्या तशी राहते.

तयारी अशी करावी. एक नवी फाइल घ्यावी आणि तिच्यात दोन शीट ठेवाव्यात. पहिलीला 'रॉ' आणि दुसरीला 'फायनल' असे नाव द्यावे. ही नावे रोमन लिपीतच टाइप करावीत, कारण व्हीबीएच्या संपादकाला देवनागरी अक्षरे पेलत नाहीत. शीटचे नाव मराठीत असेल तर मॅक्रोत त्या जागी प्रश्नचिन्हे पडतात आणि मॅक्रो अडतो. रकान्यांची शीर्षके मात्र मराठीत असली तरी चालतात, कारण ती मॅक्रोत लिहिली जात नाहीत, शीटवरच राहतात.

रॉ शीटवर बिलाच्या प्रोग्राममधील यादी चिकटवावी. पहिल्या ओळीत शीर्षके यावीत आणि एकही शीर्षक रिकामे नसावे. फायनल शीटच्या पहिल्या ओळीत ए पासून जी पर्यंत आपल्याला हव्या त्या क्रमाने तीच शीर्षके लिहावीत. हाताने लिहिण्यापेक्षा रॉ शीटवरून एक एक शीर्षक कॉपी करणे चांगले. शेवटी एखादी रिकामी जागा जास्त पडली तरी संगणक ते वेगळे शीर्षक समजतो. फायनल शीटवर शीर्षकांखाली दुसरे काही लिहून ठेवू नये, कारण ही आज्ञा खालचा जुना मजकूर पुसून नवा आणते.

आता मॅक्रो भरावा. कृती अशी :

१. रॉ शीटवर असतानाच 'रेकॉर्ड मॅक्रो' सुरू करावे.

२. पहिली कृती म्हणून फायनल शीटवर क्लिक करावे. फिल्टरची आज्ञा जिथे माल आणायचा त्या शीटवरून द्यावी लागते, म्हणून ही पायरी मॅक्रोत नोंदली जाणे जरुरीचे आहे.

३. शीर्षकांपासून दूर असलेल्या एखाद्या रिकाम्या सेलवर क्लिक करावे. आम्ही के रकान्यातील पाचवा सेल घेतो.

४. डेटा या टॅबमध्ये फिल्टरशेजारी 'ॲडव्हान्स्ड' हे बटण आहे ते दाबावे. उघडलेल्या चौकटीत 'कॉपी टु अनदर लोकेशन' निवडावे.

५. 'लिस्ट रेंज' या जागेत क्लिक करून रॉ शीटवर जावे आणि ए ते जी ही रकान्यांची अक्षरे माउसने ओढून पूर्ण रकाने निवडावेत. फक्त भरलेल्या ओळी निवडल्या तर मॅक्रोत तेवढ्याच ओळींचा आकडा पक्का होतो. पुढच्या महिन्यात ओळी वाढल्या की खालच्या ओळी गुपचूप बाहेर राहतात.

६. 'क्रायटेरिया रेंज' ही जागा रिकामी ठेवावी.

७. 'कॉपी टु' या जागेत फायनल शीटवरील सातही शीर्षके निवडावीत.

८. 'युनिक रेकॉर्ड्स ओन्ली' या खुणेला हात लावू नये. ती खूण केली तर हुबेहूब सारख्या दोन ओळींपैकी एकच येते. एकाच बिलात एकच माल त्याच भावाने दोनदा लिहिला असेल तर त्यातील एक नोंद गळून पडेल.

९. ओके दाबून काम झाल्यावर 'स्टॉप रेकॉर्डिंग' दाबावे.

आता चाचणी घ्यावी. रॉ शीटवर मुद्दाम दोन रकाने उलटसुलट करावेत आणि मॅक्रो चालवावा. फायनल शीटवर क्रम पूर्वीसारखाच येईल. मग रॉ शीटवरील 'गिऱ्हाईक' हे शीर्षक बदलून 'ग्राहक' करावे आणि पुन्हा चालवावे. या वेळी मॅक्रो थांबेल आणि शीर्षक सापडत नाही अशा अर्थाची सूचना येईल. ती आल्यावर 'एंड' दाबावे. या दुसऱ्या रीतीचा मोठा फायदा हाच आहे. पहिली रीत चुकीचा रकाना उचलून पुढे जाते, ही रीत अडते आणि आपल्याला सांगते. हिशेबाच्या कामात अडणारे साधन चुकणाऱ्या साधनापेक्षा केव्हाही चांगले.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. मॅक्रो अडला तर फायनल शीटवर मागच्या महिन्याचा मजकूर तसाच पडून राहू शकतो, आणि घाईत तोच नवा समजला जातो. म्हणून शीर्षके आणि मॅक्रो तेवढे असलेली एक कोरी नमुना फाइल तयार ठेवावी. दर महिन्याला ती उघडून लगेच नव्या नावाने जतन करावी आणि त्या प्रतीत काम करावे. नमुना फाइल कायम कोरी राहिली पाहिजे.

काम झाल्यावर तीन तपासण्या

मॅक्रो चालला म्हणजे काम संपले असे समजू नये. आमच्या दुकानात यापुढील तीन गोष्टी केल्याशिवाय यादी बाहेर जात नाही.

पहिली तपासणी ओळींची. रॉ शीटवर बिल क्रमांकाचा रकाना निवडला की खिडकीच्या तळाशी 'काउंट' असा आकडा दिसतो. फायनल शीटवरही तोच रकाना निवडून आकडा पाहावा. दोन्ही सारखे हवेत. ही तपासणी फार साधी वाटते, पण ती न केल्याने मोठमोठ्या यंत्रणांचीही फजिती झाली आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाच्या साथीत २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून सुटले होते. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. जागा संपल्यावर उरलेल्या ओळी गळाल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांना वेळेवर सावध करता आले नाही. आपली यादी एवढी मोठी नसते, पण ओळ कोणत्याही कारणाने गळू शकते. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळी मोजणे हाच त्यावर उपाय आहे.

दुसरी तपासणी रकमेची. दोन्ही शीटवर रक्कम हा रकाना निवडून तळाशी दिसणारा 'सम' हा आकडा जुळवावा. त्याशिवाय फायनल शीटवर एका रिकाम्या रकान्यात नग गुणिले दर वजा रक्कम असे सूत्र घालून खालपर्यंत ओढावे. आमच्या क्रमात नग ई मध्ये, दर एफ मध्ये आणि रक्कम जी मध्ये येते. प्रत्येक ओळीत उत्तर शून्य यायला हवे. जिथे शून्य येत नाही तिथे एक तर आकडा सरकला आहे किंवा बिलच चुकीचे आहे. तपासणी झाल्यावर हा रकाना पुसून टाकावा.

तिसरी तपासणी नावाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. आमची जी चूक झाली तिच्यात ओळी बरोबर होत्या, बेरीज बरोबर होती, नग आणि दराचा गुणाकारही बरोबर आला असता. फक्त नाव चुकले होते. ही चूक कोणतीही बेरीज दाखवत नाही. तिच्यासाठी कागदाकडेच जावे लागते. यादीतील कोणतीही पाच बिले डोळे मिटून निवडावीत, त्यांच्या कार्बन प्रती काढाव्यात आणि नाव, तारीख व रक्कम एकत्र जुळवावी. एक बिल सुरुवातीचे, एक शेवटचे आणि तीन मधली घ्यावीत. पाच मिनिटांचे काम आहे. एक जरी जुळले नाही तरी पूर्ण यादी बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करावी. एक ओळ दुरुस्त करून पुढे जाऊ नये, कारण एक नाव सरकले असेल तर त्याच्यासोबत इतरही सरकलेली असतात.

दुसऱ्याचा मॅक्रो उघडताना

मॅक्रो हा एक लहान प्रोग्राम आहे. तो चांगले काम करू शकतो तसा नुकसानही करू शकतो. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलमधील मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. पुढे अशा प्रकारांचा इतका त्रास झाला की २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली.

आपण स्वतः तयार केलेली फाइल उघडताना वर पिवळी पट्टी येते आणि मॅक्रो चालू करायचा का असे विचारले जाते. फाइल आपलीच आहे याची खात्री असेल तरच होकार द्यावा. पण 'थकलेले बिल', 'ऑर्डरची यादी' अशा नावाने अनोळखी माणसाकडून आलेली फाइल असेल आणि ती मॅक्रो चालू करा असे म्हणत असेल तर ती बंद करावी. खऱ्या गिऱ्हाइकाला ऑर्डर देण्यासाठी मॅक्रोची गरज नसते. शंका वाटली तर फोन करून विचारावे. करसल्लागाराला यादी पाठवतानाही मॅक्रोची फाइल पाठवू नये. फायनल शीट वेगळ्या साध्या फाइलमध्ये कॉपी करून तेवढीच पाठवावी.

शेवटचे दोन शब्द

मॅक्रो भरायला पहिल्यांदा एक तास लागेल. नंतर दर महिन्याचे काम काही सेकंदांत होईल. उरलेला वेळ झोपेसाठी जरूर घ्यावा, पण त्यातील पाच मिनिटे कार्बन प्रतींसाठी राखून ठेवावीत. गिऱ्हाइकाचा हिशेब ही त्याची आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती वहीत असो की संगणकात, जबाबदारी आपलीच राहते. चूक झाली तर 'कॉम्प्युटरने केली' हे उत्तर होऊ शकत नाही. आम्ही ते एकदा दिले होते आणि त्याची लाज अजून वाटते.

ज्या कारागीर बांधवांकडे संगणक नाही त्यांनाही एक सांगणे आहे. दुकानातून छापील चिठ्ठी मिळाली म्हणून ती डोळे झाकून खरी मानू नये. आपण नेलेल्या मालाची तारीख आणि रक्कम स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. पेन्सिलीने लिहिली तरी चालेल. आमच्या यादीतील चूक शेवटी कोणत्याही यंत्राने पकडली नाही, चाचांच्या खिशातल्या वहीने पकडली. आजही आम्ही उधारीच्या चिठ्ठ्या काढल्या की पहिली चिठ्ठी त्यांना दाखवतो. ते चष्मा लावतात, वही उघडतात, बोट ठेवून आकडा जुळवतात आणि मान हलवतात. मगच बाकीच्या चिठ्ठ्या वाटायला बाहेर पडतात.